एका कडीचा इतिहास

हातातली कामं आटपून रेडिओजवळ बसला असाल, तर आज जरा सावकाशीने ऐका. आज आम्ही कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही, की पापड-लोणच्याच्या ऑर्डरीबद्दलही नाही. आज इतिहास सांगणार आहोत. राजाचा नाही, लढाईचा नाही. आपल्या रक्तात असलेल्या, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या एका कडीचा.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. गटाची बैठक संपते, वह्या बंद होतात, आणि मग चपला घालताना कुणीतरी हळूच एक प्रश्न विचारते. आम्ही हा प्रश्न कितीतरी गावांत ऐकला आहे. "ताई, अमक्या घरी नवऱ्याला एचआयव्ही होता. तो गेला. बायकोची तपासणी केली, तर तिला काहीच नाही. असं कसं?" मग बाकीच्या उत्तरं देऊ लागतात. कुणी म्हणते तिचं रक्तच वेगळं. कुणी म्हणते देवीची कृपा. आणि कुणी म्हणते, तिला काही नाही म्हणजे नक्की तिच्यातच काहीतरी काळंबेरं आहे. दुसऱ्या घरी बायकोलाही लागण झालेली असते, तिथे सासरचे म्हणतात, हिनेच आणला. लागण झाली तरी बोल तिलाच, नाही झाली तरी बोल तिलाच.

पण मैत्रिणींनो, "असं कसं?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनीही हाच प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर शोधताना त्यांना ही कडी सापडली. आम्ही काही डॉक्टर नाही. जे वाचलं, विचारून समजून घेतलं, ते आपल्या भाषेत सांगतो.

सुरुवात १९८१ पासून करू. त्या वर्षी जून महिन्यात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरातल्या पाच तरुणांची माहिती सरकारी आरोग्य पत्रिकेत छापून आली. धडधाकट वयाची ही माणसं अशा न्यूमोनियाने आजारी पडली होती, जो एरवी अंगात ताकदच न उरलेल्या माणसाला होतो. पुढच्या वर्षी या आजाराला एड्स हे नाव मिळालं. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्युक मोंतान्ये यांच्या गटाने त्यामागचा विषाणू शोधून काढला. बारे-सिनूसी या बाई आहेत, हे मुद्दाम सांगतो. २००८ साली दोघांना या शोधासाठी नोबेल पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे तेव्हा काय म्हणत होते? हा परदेशातला आजार, आपल्याकडे येणार नाही, आपले लोक तसे नाहीत. १९८६ साली चेन्नईतल्या दोन बायकांनी हा समज मोडला. एक होत्या डॉ. सुनीती सोलोमन. त्या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. दुसरी त्यांची विद्यार्थिनी, सेल्लप्पन निर्मला. निर्मलाने सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्री करणाऱ्या बायकांचे रक्ताचे नमुने गोळा केले. नमुने ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते तिने स्वतःच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. मग तपासणीसाठी वेल्लोरच्या रुग्णालयात नेले. त्यातल्या सहा बायकांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. भारतातली ही पहिली नोंद.

त्या सहा जणींची नावं इतिहासात नाहीत. पण त्यानंतर आपल्या देशात एक समज घट्ट बसला, तो असा की हा आजार 'तसल्या' बायकांपासून येतो. पुढे सुनीतीताईंनी १९९३ साली चेन्नईत वडिलांच्या नावाने संस्था काढली आणि हजारो रुग्णांवर उपचार केले. लग्नाच्या नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष माहीत नसलेल्या कितीतरी बायका या आजारापायी डॉक्टरांच्या दारात आल्या. आजार घरात आला होता तो नवऱ्याकडून.

आता विषाणू शरीरात शिरतो कसा, ते पाहू. इथेच आपली कडी येते.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्याही असतात. पांढऱ्या पेशी म्हणजे गावाची राखण करणारी माणसं. हाताला काटा लागला, जखमेत जंतू गेला, की त्या जागच्या पेशी हाळी देतात. ही हाळी आवाजाची नसते. अगदी बारीक प्रथिनांची असते, ती रक्तात पसरतात. त्यांना केमोकाइन म्हणतात. शेतात डुकरं शिरली की एका रानातून हाळी येते आणि वस्तीवरची माणसं काठ्या घेऊन त्या दिशेने धावतात ना, तसंच हे. जखम सुजते, लाल होते, ती उगीच नाही. राखणदार तिथे जमलेले असतात.

पण हाळी ऐकायला कान हवा. पेशीच्या अंगावर त्यासाठी खास प्रथिनं बसवलेली असतात. त्यातल्याच एकाचं नाव सीसीआर-५. ते बनतं ३५२ लहान घटकांची माळ ओवून. ही माळ पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जाते. गोधडी शिवताना दोरा जसा खालून वर, वरून खाली जातो, तशी. एक टोक पेशीच्या बाहेर राहतं, दुसरं आत. बाहेरच्या बाजूला केमोकाइन येऊन टेकलं की आतल्या बाजूला हालचाल होते आणि पेशीला कळतं, चला, बोलावणं आलं. म्हणून आम्ही याला कडी म्हणतो. बाहेरून वाजवली की आत ऐकू येते. ती बसवली आहे राखणदाराला बोलावण्यासाठी, चोरासाठी नाही.

चोराला मात्र तीच कडी सापडली.

हे कळायला बारा वर्षं लागली. १९८४ साली लंडन आणि पॅरिस इथल्या दोन गटांनी दाखवलं, की एचआयव्ही पांढऱ्या पेशीवरच्या सीडी-४ नावाच्या प्रथिनाला धरतो. तुमच्यापैकी कुणी रुग्णाबरोबर एआरटी केंद्रावर गेलं असेल तर 'सीडी-फोर किती आला?' हे शब्द ऐकले असतील. तोच हा सीडी-४. सगळ्यांना वाटलं, झालं, दार सापडलं. पण मग शास्त्रज्ञांनी उंदराच्या पेशीवर माणसाचा सीडी-४ बसवून पाहिला. विषाणू आला, चिकटला, आणि बाहेरच राहिला. आत काही शिरेना. म्हणजे सीडी-४ ही नुसती चौकट होती. चौकट धरून उभं राहता येतं, पण दार उघडायला आणखी काहीतरी लागतं. ते काय, हे पुढची दहा वर्षं कुणालाच सापडेना.

पहिला धागा मिळाला डिसेंबर १९९५ मध्ये. अमेरिकेत फियोरेंझा कोक्की, पाओलो लुसो, रॉबर्ट गॅलो यांच्या गटाला दिसलं, की तीन विशिष्ट केमोकाइन भरपूर असली तर एचआयव्हीला पेशीत शिरता येत नाही. हाळी देणारी प्रथिनं चोराला कशी अडवतात? उत्तर पुढे कळलं. कडीवर आधीच दुसऱ्या कुणाचा हात असेल, तर चोराला ती धरता येत नाही.

मग १९९६ साल उजाडलं. मार्चमध्ये बेल्जियमच्या ब्रसेल्स शहरातल्या मार्क पार्मेंतिए यांच्या गटाने सीसीआर-५ चं वर्णन छापलं. तेव्हा त्याचा एचआयव्हीशी संबंध कुणी लावला नव्हता. मे महिन्यात अमेरिकेत एडवर्ड बर्जर यांच्या गटाने विषाणूला आत घेणारी एक कडी शोधली. तिला आज सीएक्ससीआर-४ म्हणतात. काही रुग्णांत आजार खूप वाढल्यावर विषाणू ती वापरायला शिकतो. आणि जूनमध्ये एकाच वेळी पाच वेगवेगळ्या गटांनी सांगितलं, की मुख्य कडी सीसीआर-५ हीच आहे. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारा विषाणू जवळजवळ नेहमी हीच कडी धरतो. आधी सीडी-४ ची चौकट पकडायची, मग अंग वळवून सीसीआर-५ ची कडी धरायची, आणि मग पेशीच्या आवरणात मिसळून आत शिरायचं. असा त्याचा क्रम.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येतो. असं कसं, याला झाला आणि त्याला नाही?

न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह क्रोन नावाचे गृहस्थ होते. त्यांचा जोडीदार जेरी ग्रीन हा एड्सने अगदी सुरुवातीला, १९८२ साली गेलेल्या लोकांपैकी एक. मग एकामागून एक मित्र गेले. क्रोन यांना वाटे, आता आपली पाळी. पण तपासणी केली की दर वेळी निगेटिव्ह. ते स्वतः डॉक्टरांच्या मागे लागले, की माझं रक्त तपासा, माझ्यात काय आहे ते बघा. शेवटी न्यूयॉर्कच्या एरन डायमंड संशोधन केंद्रात बिल पॅक्स्टन या शास्त्रज्ञाने त्यांच्या पांढऱ्या पेशी घेतल्या आणि त्यात भरपूर एचआयव्ही सोडला. लागण होईना.

कारण १९९६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तीन गटांनी जाहीर केलं. प्रत्येक पेशीत शरीर घडवण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात, त्यांना जनुकं म्हणतात. सीसीआर-५ कशी बनवायची याची सूचना आपल्याला दोनदा मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. क्रोन यांच्या दोन्ही सूचनांमधली ३२ अक्षरं गळालेली होती. वहीतल्या एका ओळीतून ३२ अक्षरं खोडली, तर पुढचा सगळा अर्थ जसा बिघडतो, तसं झालं. प्रथिन अर्धवट बनतं आणि पेशीच्या आवरणापर्यंत पोचतच नाही. म्हणजे कडी बसवलेलीच नसते. चोर येतो, चौकट धरतो, आणि हात चाचपत बाहेरच राहतो.

युरोपच्या उत्तर भागातल्या लोकांत शंभरातल्या साधारण एकाला दोन्ही बाजूंनी हा बदल मिळालेला असतो. शंभरातल्या दहाएक जणांना एकाच बाजूने मिळालेला असतो. त्यांना लागण होते, पण आजार सावकाश वाढतो. दोन्ही बाजूंनी बदल असलेल्यांनाही पूर्ण अभय नाही. दुसऱ्या कडीने विषाणू आत शिरल्याची थोडी उदाहरणं आहेत. आफ्रिकेतल्या आणि चीन-जपानकडच्या लोकांत हा बदल जवळजवळ नाहीच, आणि आपल्या भारतात तो फार क्वचित सापडतो.

म्हणजे मैत्रिणींनो, "तिचं रक्तच वेगळं" हे उत्तर आपल्या गावातल्या बाईला बहुधा लागू पडत नाही. मग तिला लागण का झाली नाही?

यासाठी आफ्रिकेत केनिया देशातल्या नैरोबी शहरात जाऊ. तिथे देहविक्री करणाऱ्या शेकडो बायकांची तपासणी डॉक्टर १९८० च्या दशकापासून वर्षानुवर्षं करत होते. फ्रँक प्लमर हे डॉक्टर आणि एलिझाबेथ एन्गुगी या परिचारिका-शिक्षिका या कामात पुढे होत्या. बहुतेक बायकांना लागण झाली. पण थोड्याजणी अशा होत्या, ज्यांना पुन्हा पुन्हा धोका होऊनही वर्षानुवर्षं काही झालं नाही. त्यांच्या पेशी तपासल्या, तर कडी जागच्या जागी. अक्षरं गळालेली नव्हती. प्रयोगशाळेत त्यांच्या पेशींना एचआयव्हीची लागण होतही होती. त्यांचं रक्षण वेगळ्या रीतीने होत होतं, त्यांच्या राखणदार पेशी या विषाणूला ओळखायला शिकल्या होत्या. आणि हे रक्षण कायमचंही नव्हतं. त्यांच्यातल्या काहींना पुढे लागण झालीच.

जोडप्यात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, हे जगभर पुष्कळ दिसतं. प्रत्येक संबंधात लागण होतेच असं नाही. नवऱ्याच्या रक्तात त्या वेळी विषाणू किती होता, त्याचं औषध चालू होतं का, निरोध वापरला का, अंगावर जखम किंवा गुप्तरोग होता का, यावर ते ठरतं. त्यात बाईचं शील दिसत नाही, आणि तिचं पाप-पुण्यही दिसत नाही. लागण झालेल्या बाईचंही नाही आणि न झालेल्या बाईचंही नाही. आणखी एक ध्यानात ठेवा. एकदा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे जन्माची ढाल मिळाली असं नाही. नुकतीच लागण झाली असेल तर पहिल्या तपासणीत ती कधी कधी दिसत नाही. समुपदेशक पुन्हा या म्हणाले, तर पुन्हा जायचं.

स्टीव्ह क्रोन यांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. कडी नसल्यामुळे ते वाचले, पण ज्यांच्याबरोबर जगायचं ती माणसं राहिली नाहीत. २०१३ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. मागे राहिलेल्या माणसाचं ओझं कोणत्याच तपासणीत दिसत नाही. आपल्या गावातली नवरा गेलेली, रिपोर्ट निगेटिव्ह आलेली बाई "सुटली" असं आपण म्हणतो. ती सुटलेली नसते. तिच्या घरी नुसतं जाऊन बसायलाही कुणीतरी लागतं.

कडीचा शोध लागल्यावर माणसांनी तिचा उपयोग कसा केला, हा इतिहासाचा पुढचा भाग.

टिमथी रे ब्राउन नावाचा एक अमेरिकन माणूस जर्मनीत बर्लिनला राहत होता. १९९५ साली त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. २००६ साली त्याला रक्ताचा कर्करोग झाला. त्यासाठी दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी देण्याची वेळ आली, म्हणजे जिथे रक्त तयार होतं ती फॅक्टरीच बदलायची. गेरो ह्युटर या तरुण डॉक्टरांना एक विचार सुचला. पेशी द्यायच्याच आहेत, तर कडी नसलेल्या माणसाच्याच का देऊ नयेत? जुळणाऱ्या दात्यांची एकेक करून तपासणी केली. एकसष्टावा दाता तसा निघाला. फेब्रुवारी २००७ मध्ये पहिलं प्रत्यारोपण झालं. कर्करोग उलटला, म्हणून २००८ साली दुसरं. ब्राउनच्या एचआयव्हीच्या गोळ्या बंद होत्या, तरी विषाणू परत आला नाही. एचआयव्हीतून पूर्ण बरा झालेला जगातला हा पहिला माणूस. सप्टेंबर २०२० मध्ये तो गेला, तो कर्करोग परत आल्यामुळे. एचआयव्ही तेव्हाही परत आलेला नव्हता.

२०२२ साली न्यूयॉर्कमधल्या एका बाईची बातमी आली. तिला कडी नसलेल्या बाळाच्या नाळेतल्या रक्ताच्या पेशी दिल्या होत्या, आणि तिच्याही अंगात विषाणू सापडेनासा झाला. पण अशी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बहुतेकांना आधी कर्करोग होता. हे प्रत्यारोपण इतकं जिवावरचं असतं, की रोज गोळी घेऊन चांगलं जगता येत असताना ते कुणी करत नाही. तेव्हा कुणी गावात येऊन म्हणालं, की आमच्या औषधाने एचआयव्ही मुळापासून जातो, इतके हजार द्या, तर त्याला उभं करू नका.

दुसरा उपयोग म्हणजे औषध. २००७ साली अमेरिकेत मॅराव्हिरॉक या गोळीला मान्यता मिळाली. ही गोळी सीसीआर-५ मध्ये जाऊन बसते आणि कडीचा आकार असा बदलते, की विषाणूला ती धरता येत नाही. २०१३ साली चीनमधल्या शांघायच्या बेली वू या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने गोळी कडीत नेमकी कुठे बसते याचं चित्रच मिळवलं. पण या गोळीला एक अडचण आहे. विषाणू दुसरी कडी वापरत असेल तर ती चालत नाही, म्हणून आधी खास तपासणी करावी लागते. आपल्या सरकारी एआरटी केंद्रात रोजची जी गोळी मिळते ती ही नव्हे. आपल्या गोळीतली औषधं आत शिरलेल्या विषाणूला धरतात. त्याला स्वतःच्या नकला काढू देत नाहीत आणि आपल्या जनुकांत घर करू देत नाहीत.

तिसरा प्रयत्न मात्र फसला, आणि तो आई होऊ पाहणाऱ्या बायकांच्या बाबतीत झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधल्या ह च्यानख्वे या शास्त्रज्ञाने जाहीर केलं, की त्याने जन्माआधीच, गर्भाच्या पेशींमध्ये, सीसीआर-५ चं जनुक कापलं आणि जुळ्या मुली जन्माला आल्या. मुलींच्या वडिलांना एचआयव्ही होता, आईला नव्हता. अशा जोडप्याला निरोगी मूल व्हावं यासाठी साधे, सुरक्षित उपाय आधीपासून होते. म्हणजे हे करण्याची गरजच नव्हती. शिवाय मुलींमध्ये ती ठरावीक ३२ अक्षरं गळालीच नाहीत, भलतेच बदल झाले. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याला दोष दिला आणि डिसेंबर २०१९ मध्ये चीनच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा केली.

कारण कडी काही उगीच बसवलेली नाही. ती राखणदाराला बोलावण्यासाठी आहे. डासांमुळे होणारा वेस्ट नाईल नावाचा एक ताप आहे. २००६ साली अमेरिकेत असं दिसलं, की ज्यांना ही कडी नाही त्यांना हा विषाणू जास्त त्रास देतो. राखणदार वेळेवर मेंदूपर्यंत पोचत नाहीत. घरात चोर येतात म्हणून दारच बुजवलं, तर मदतीला येणारा शेजारीही बाहेर राहतो.

आता शेवटचं. कडी नसण्याचं नशीब आपल्याकडे फार क्वचित कुणाच्या वाट्याला येतं. मग आपल्याकडे काय आहे?

१ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एचआयव्हीच्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्याआधी, १९९२ साली, पुण्याला एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली होती. पुण्याने आणि चेन्नईने मिळून पुढे एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला. नऊ देशांतली १७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही आणि एकाला नाही. म्हणजे आपल्या प्रश्नातलंच जोडपं. २०११ साली निकाल आला. लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं, तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. आज डॉक्टर सांगतात, की रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईला वेळेवर औषध मिळालं तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार कमी होते.

जन्मताच कडी नसणं हे स्टीव्ह क्रोन यांचं नशीब होतं. पण ही जोडपी महिन्या-महिन्याला दवाखान्यात गेली, गोळ्या घेतल्या, रक्त दिलं, आणि त्यांच्यामुळे जगाला कळलं की नशीब नसलं तरी वाचता येतं. त्यात आपल्या पुण्याच्या भागातली माणसंही होती, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, भाड्याचं घर घेताना एचआयव्ही असलेल्या माणसाशी भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि कुणाचा रिपोर्ट गावभर सांगता येत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत चपला घालताना तोच प्रश्न आला, तर ही उत्तरं द्या. तिचं रक्त वेगळं नाही, आपल्यासारखंच आहे. कडी तिलाही आहे, आपल्यालाही आहे. लागण का झाली नाही यावरून तिची परीक्षा घेऊ नका. लागण झाली असेल तर कुणी आणला हे विचारण्याआधी गोळी चालू आहे का ते विचारा. गटातली सून गरोदर असेल तर पहिल्या तपासणीतच एचआयव्हीची तपासणी झाली ना, हे आशाताईंना विचारून घ्या. ही तपासणी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात फुकट होते आणि गुप्त राहते. जायला संकोच वाटत असेल तर आधी १०९७ या नंबरावर फोन लावा. तो फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. आणि नवरा गेलेली, घरात एकटी पडलेली कुणी तुमच्या गावात असेल, तर येत्या बैठकीला तिला हाताला धरून घेऊन या. गटाच्या वहीत तिच्या नावाची ओळ कोरी असेल, तर ती आता भरा.